यंत्रांचा उस्ताद अल-जझरी

तुमच्या इमारतीच्या किंवा शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेल. एखाद्या दिवशी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन वर जा आणि टाकीत डोकावून पाहा. आत एक पोकळ गोळा पाण्यावर तरंगताना दिसेल. त्याला बॉलकॉक म्हणतात. टाकीतले पाणी कमी झाले की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. पाणी भरत गेले की गोळा वर चढतो आणि नळ बंद होतो. नळ उघडायला आणि बंद करायला तेथे कोणी माणूस बसलेला नसतो. गोळाच पहारा देतो आणि गोळाच काम करतो.

हा गोळा कधी अडकला तर काय होईल? पाणी वाहील, जिना ओला होईल, शेजारी ओरडतील. पण असेच आपोआप चालणारे यंत्र वीजकेंद्रात, रसायनाच्या कारखान्यात किंवा शहराच्या पाणीपुरवठ्यात असेल आणि ते चुकले, तर माणसांच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून असे यंत्र बनवणाऱ्यापुढे दोन प्रश्न नेहमी उभे असतात. जवळ कोणी नसताना यंत्र चुकू लागले, तर त्याला ताळ्यावर कोण आणणार? आणि ज्याला अधिकार नाही अशा माणसाने त्याला हात घातला, तर त्याला कोण अडवणार? आज या प्रश्नांवर रात्रंदिवस काम करणारे इंजिनिअर देशोदेशी आहेत. त्यांच्याही आधी, आठशे वर्षांपूर्वी, एका कारागिराने सारे आयुष्य अशाच यंत्रांसाठी वेचले. त्याचे नाव अल-जझरी.

त्यांचे पूरे नाव बरेच लांब आहे. बदीउज्जमान अबुल इज्ज इस्माईल इब्न अल-रज्जाज अल-जझरी. यातले इस्माईल हे त्यांचे स्वतःचे नाव. बदीउज्जमान म्हणजे आपल्या काळातील अद्वितीय माणूस. ही पदवी लोकांनी त्यांना दिली. तुम्हांला उर्दू येते, तेव्हा तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. जझरी म्हणजे जझिरा या प्रदेशातला. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना उर्दूत आपण दजला आणि फरात म्हणतो. त्या दोन नद्यांच्या मधला वरचा मुलूख म्हणजे जझिरा. आज त्याचे भाग तुर्कस्तान, सिरिया आणि इराक या तीन देशांत आहेत.

त्यांच्या बालपणाची माहिती इतिहासात उरलेली नाही. कारागिरांची चरित्रे त्या काळी फारशी कोणी लिहीत नसे. बादशहांची लिहीत. अल-जझरींविषयी जे कळते ते बहुतेक त्यांनी स्वतः लिहिलेल्या एका ग्रंथावरून कळते. हिजरी सन ५७० मध्ये, म्हणजे इसवी सन ११७४ च्या सुमारास, ते अर्तुकी घराण्याच्या चाकरीत आले. प्रथम त्यांनी नूरुद्दीन महंमद या राजाची सेवा केली. नंतर त्याच्या एका मुलाची केली आणि त्यानंतर दुसऱ्या मुलाची, नासिरुद्दीन महमूदची. तीन राजे झाले, पण उस्ताद एकच राहिला.

या घराण्याला ११८३ साली सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांच्याकडून आमिद हे शहर मिळाले. आज त्या शहराला दियारबकर म्हणतात. ते तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, दजला नदीच्या काठी आहे. त्याचा काळ्या दगडाचा तट आजही उभा आहे. तो काळ धामधुमीचा होता. सलाहुद्दीन आणि युरोपातून आलेले क्रुसेडर यांच्या लढाया चालू होत्या. अशा काळात एक माणूस आमिदच्या राजवाड्यात पितळेचे पत्रे कापत होता, झडपा घासत होता आणि भांड्यातून पाणी किती वेगाने पडते ते मोजत होता.

राजवाड्याला पहिली गरज होती ती घड्याळाची. त्या काळी तास आजच्यासारखे सारखे नसत. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळेचे बारा भाग करीत आणि त्या एका भागाला तास म्हणत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून तासही मोठा. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून तासही लहान. आमिदमध्ये उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या दिवशी एक तास आजच्या सत्तर मिनिटांहून जास्त भरे आणि हिवाळ्याच्या सर्वांत लहान दिवशी तो पन्नास मिनिटांहूनही कमी भरे. म्हणजे वर्षभर रोज थोडा थोडा बदलणारा तास दाखवील, असे घड्याळ हवे होते. आजच्या घड्याळवाल्यालाही हे काम सोपे वाटणार नाही.

अल-जझरींनी जे मोठे घड्याळ बनवले ते किल्ल्याच्या दर्शनी भिंतीसारखे दिसे. त्याची उंची दोन माणसांएवढी होती. वर राशींचे चक्र, सूर्य आणि चंद्र फिरत. त्याखाली बारा दारांच्या रांगा होत्या. एक तास भरला की एक दार उघडे आणि आतून एक पुतळा बाहेर येई. दोन बाजूंचे दोन ससाणे पुढे झुकत आणि चोचीतून एकेक गोळा खाली टाकीत. गोळा झांजेवर पडला की आवाज होई. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या तासाला ढोल वाजवणारे आणि कर्णे फुंकणारे पुतळे वाजवू लागत. रात्री काचेच्या बारा चकत्या एकामागून एक उजळत.

पाहणाऱ्यांना ही गंमत वाटे. पण खरे काम भिंतीच्या मागे चाले. तेथे पाण्याने भरलेले एक भांडे होते. त्यात एक तरंड, म्हणजे तरंगता ठोकळा असे. पाणी हळूहळू बाहेर जाई, तसा तरंड खाली उतरे. त्याला बांधलेली दोरी एक लहान गाडी ओढी आणि गाडी दारे उघडत पुढे जाई. येथे एक अडचण होती. भांडे भरलेले असले की त्याच्या तळाच्या छिद्रातून पाणी जोरात पडते आणि भांडे रिकामे होत आले की ते मंदावते. मग सकाळचा तास लवकर भरणार आणि संध्याकाळचा रेंगाळणार. म्हणून अल-जझरींनी मोठ्या भांड्याच्या खाली एक छोटे भांडे ठेवले. त्यात दुसरा तरंड होता आणि त्याच्या डोक्यावर शंकूच्या आकाराची झडप होती. छोट्या भांड्यात पाणी वाढले की तरंड वर येऊन झडप वरून येणारे पाणी बंद करी. पाणी कमी झाले की झडप उघडे. त्यामुळे छोट्या भांड्यातली पातळी दिवसभर सारखी राही आणि तेथून पाणी एकाच वेगाने पडे.

तुमच्या गच्चीवरचा बॉलकॉक हेच करतो. तरंगती झडप अल-जझरींनी शोधली असे मात्र नाही. तिची कल्पना ग्रीक लोकांना ठाऊक होती. बगदादमध्ये नवव्या शतकात बनू मूसा या नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होऊन गेले. त्यांनीही आपल्या ग्रंथात अशा झडपांचा उपयोग केला होता. अल-जझरी या सर्वांचे ग्रंथ वाचून तयार झाले होते. त्यांची नावे ते आदराने घेतात. पण आदर म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. बनू मूसांनी बनवलेली कारंजी फार थोड्या वेळाने आपला आकार बदलतात, पाहणाऱ्याला पाहायला वेळच मिळत नाही, असे त्यांचे मत होते. मग त्यांनी स्वतः वेगळ्या रीतीची कारंजी बनवली.

त्यांच्या या स्वभावाचा खरा कस लागला तो तास लहानमोठा करण्याच्या कामात. पाणी ज्या छिद्रातून पडते ते छिद्र वर-खाली सरकवता आले, तर पाण्याचा वेग बदलतो. छिद्र पाण्याच्या पातळीपासून जितके खोल, तितका वेग जास्त. जुन्या कारागिरांनी यासाठी अर्ध्या वर्तुळाची एक चकती केली होती. तिच्या कडेवर वर्षातल्या दिवसांच्या खुणा होत्या. आजचा दिवस ज्या खुणेवर येईल तेथे छिद्र आणून ठेवायचे, म्हणजे आजचा तास बरोबर मिळेल, अशी समजूत होती. ही चकती मोठ्या विद्वानांच्या नावावर चालत आली होती. दिसायलाही ती सुंदर असे. दुसरा कोणी असता तर त्याने ती जशीच्या तशी उचलली असती.

अल-जझरींनी ती तपासून पाहिली आणि ती चूक निघाली. छिद्र दुप्पट खोल नेले म्हणजे पाणी दुप्पट वेगाने पडते असे होत नाही. त्यामागचा नियम सांगणारा शास्त्रज्ञ तोरिचेल्ली इटलीत जन्माला यायचा होता आणि त्याला अजून चारशे वर्षे होती. अल-जझरींजवळ सूत्र नव्हते. त्यांच्याजवळ फक्त पाणी, भांडी आणि धीर होता. त्यांनी पूर्ण वर्तुळाची नवी चकती बनवली. एकेका जागी छिद्र ठेवायचे, पाणी मापायचे, खूण करायची, पुन्हा छिद्र सरकवायचे, पुन्हा मापायचे. असे करीत त्यांनी खुणा बसवल्या. मला तर त्यांच्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा ही साधी चकती मोठी वाटते. नासिरुद्दीनच्या दरबारात या चकतीला कोणी वाहवा दिली असेल असे वाटत नाही, कारण ती भिंतीच्या आड होती.

जी कला हाताने करून तपासलेली नाही ती खऱ्या-खोट्याच्या मध्येच लोंबकळत राहते, असे त्यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे. ते स्वतः तसेच वागत. एखादे यंत्र धातूचे करण्यापूर्वी ते त्याचा कागदी नमुना करून पाहत. झडप आणि तिची बैठक एकमेकांवर कुरुंदाची पूड घालून घासत, म्हणजे त्यांच्यामधून पाण्याचा थेंबही गळू नये. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून जाड फळी तयार करीत. चाक जडवण्याआधी ते तोलून पाहत. या गोष्टी कथेत रंजक वाटत नाहीत. पण रात्री सर्व झोपलेले असताना जे यंत्र चालायचे आहे, त्याचा भरवसा अशाच बारीकसारीक गोष्टींवर असतो.

राजा महमूदविषयी एक हकीकत आहे. वजू करताना नोकराने किंवा दासीने हातावर पाणी ओतावे हे त्याला आवडत नसे. माणूस नको आणि पाणी तर आपोआप मिळावे, असे काही करता येईल का, असे त्याने अल-जझरींना विचारले. मग त्यांनी हात धुण्याची अनेक यंत्रे बनवली. त्यांपैकी एकात पितळेचा मोर आहे. त्याच्या चोचीतून पाणी येते. वापरलेले पाणी खालच्या पोकळ बैठकीत जमते. ते काही उंचीपर्यंत आले की आतला तरंड एक कळ उचलतो. एक दार उघडते आणि लहानसा पुतळा साबणाची भुकटी घेऊन पुढे येतो. पाणी आणखी चढले की दुसरा तरंड दुसरे दार उघडतो आणि दुसरा पुतळा टॉवेल घेऊन येतो. यंत्राला डोळे नाहीत. पण साबण केव्हा लागेल आणि टॉवेल केव्हा लागेल हे त्याला पाण्याच्या उंचीवरून कळते.

त्या काळी हकीम रोग्याच्या शरीरातून रक्त काढून उपचार करीत. अल-जझरींनी त्यासाठीही भांडी बनवली. किती रक्त निघाले ते भांड्यावरचा एक पुतळा दाखवीत राही. रक्त मोजण्यात चूक झाली तर माणूस दगावेल, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे हत्तीचे घड्याळ. त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. पितळेच्या हत्तीच्या पोटात पाण्याचे टाके होते आणि त्यात बुडाला छिद्र असलेली एक वाटी तरंगत असे. छिद्रातून वाटीत पाणी शिरे आणि बरोबर अर्ध्या तासाने वाटी बुडे. अशी वाटी भारतात फार जुनी आहे. मराठीत तिला घटिकापात्र म्हणतात. ते बुडायला चोवीस मिनिटे, म्हणजे एक घटका लागे. पूर्वी महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी पाण्याच्या पातेल्यात घटिकापात्र सोडत आणि एक जण त्याच्याजवळ बसून राही. वाटी बुडाली की ती काढायची, रिकामी करायची आणि पुन्हा सोडायची. त्याला डुलकी लागली तर मुहूर्त हुकला!

अल-जझरींनी हा जवळ बसणारा माणूसच काढून टाकला. वाटी बुडताना एक दोरी ओढली जाई. वरच्या मनोऱ्यातून एक गोळा सुटे. तो ससाण्याच्या चोचीतून एका सापाच्या तोंडात पडे. गोळ्याच्या वजनाने साप खाली वाके आणि वाकता वाकता त्याला बांधलेली साखळी बुडालेली वाटी वर उचलून रिकामी करी. गोळा सापाच्या तोंडातून खालच्या भांड्यात घरंगळे, माहूत हत्तीला टोचणी मारी, साप पुन्हा सरळ होई आणि रिकामी वाटी पुन्हा पाण्यावर तरंगू लागे. म्हणजे एक फेरी संपली की यंत्र आपणच दुसऱ्या फेरीला तयार होई. हत्ती आणि वाटी हिंदुस्थानची, साप चीनच्या चित्रांतले, पाण्याची विद्या ग्रीकांची. एकाच घड्याळात किती देश आले ते पाहा!

शेतीसाठी आणि शहरासाठी नदीचे पाणी वर चढवणारी पाच यंत्रेही त्यांनी वर्णिली आहेत. त्यांतल्या एकात पाणचक्कीच्या जोरावर दोन दट्टे आळीपाळीने पुढे-मागे होतात. एक दट्ट्या पाणी आत ओढतो त्याच वेळी दुसरा ते नळीतून वर ढकलतो. एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. पुढे आलेल्या अनेक पंपांची ओळख येथे पटते.

आता कुलपाकडे येऊ. अल-जझरींनी एका पेटीसाठी किल्ली नसलेले कुलूप तयार केले. पेटीच्या झाकणावर फिरणाऱ्या चकत्या होत्या आणि त्यांना अक्षरे नेमून दिली होती. प्रत्येक चकती योग्य अक्षरावर आणली तरच पेटी उघडे. एकही अक्षर चुकले तर ती बंदच राही. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, त्याचे हे पितळी रूप होय. समजा, अशा कुलपाला चार चकत्या आहेत आणि प्रत्येकीवर सोळा अक्षरे आहेत. तर सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ६५,५३६ जुळण्या होतात. चोराने मिनिटाला दहा जुळण्या करून पाहिल्या आणि तो रात्रंदिवस थांबलाच नाही, तरी सगळ्या जुळण्या संपायला चार दिवसांहून अधिक काळ लागेल. तेवढ्यात पहारेकरी येईलच.

या कुलपाची खरी गंमत पुढेच आहे. अल-जझरींनी ते कसे बनवायचे हे आपल्या ग्रंथात उघडपणे लिहिले. चकती केवढी, तिच्यामागे काय, खाच कोठे, सर्व चित्रे काढून दाखवले. मग चोरानेही ते वाचले तर? वाचले तरी त्याला काही उपयोग नाही. कुलपाची रचना कळली म्हणून पेटी उघडत नाही. त्यासाठी अक्षरे कळावी लागतात आणि अक्षरे फक्त मालकाला ठाऊक असतात. पुढे १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करातील गुप्त लिपींविषयी लिहिताना हाच नियम मांडला. रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. संगणकाच्या सुरक्षेचे काम करणारे आजही हा नियम पहिल्या धड्यात शिकतात.

कारखान्यांत मात्र हा नियम बराच काळ कोणी पाळला नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी पंप, झडपा आणि भट्ट्या चालवण्याचे काम छोट्या संगणकांकडे आले. बाहेरच्या माणसाला या यंत्रांची माहितीच नाही, मग त्यांना कुलूप कशाला, असे पुष्कळांना वाटे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २००० साली याचा फटका बसला. सांडपाण्याच्या पंपांचे काम पूर्वी केलेला आणि नंतर नोकरी न मिळाल्याने चिडलेला एक माणूस वायरलेसवरून पंपांना खोटे हुकूम देऊ लागला. यंत्रांनी ते निमूटपणे पाळले. सुमारे आठ लाख लिटर घाण पाणी बागांत आणि ओढ्यांत गेले. हुकूम देणारा कोण आहे, हे यंत्र विचारीतच नव्हते. अल-जझरींच्या पेटीने निदान चार अक्षरे तरी विचारली असती.

दहा वर्षांनी, २०१० साली, स्टक्सनेट नावाचा संगणकीय किडा उघडकीस आला. इराणमधील नतांझ येथे युरेनियम समृद्ध करणारी जी यंत्रे होती त्यांच्या नियंत्रकांत तो शिरला होता. तो यंत्रांचा वेग बिघडवी आणि त्याच वेळी कामगारांना पडद्यावर आधी नोंदवून ठेवलेले नेहमीचे आकडे दाखवी. यंत्रे मोडत होती आणि पडदा सर्व ठीक आहे असे सांगत होता. तेव्हापासून कारखान्यांची राखण करणारे इंजिनिअर पडद्यावरच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवीत नाहीत. तो आकडा ते दुसऱ्या वेगळ्या मापाशी ताडून पाहतात. सुंदर चकतीवरच्या खुणा बाजूला ठेवून पाणी स्वतः मोजणारा आमिदचा कारागीर त्यांना आपलाच वाटला असता.

अल-जझरींना नोकरीत पंचवीस वर्षे झाली होती. एके दिवशी त्यांनी राजा महमूदला आपले एक यंत्र नेऊन दाखवले. राजाने ते नीट पाहिले आणि मग त्याच्या मनात जे आले ते बोलून दाखवले. त्याचे म्हणणे असे की, या वस्तूंना जोड नाही, पण इतकी वर्षे केलेले श्रम असेच वाया जाऊ देऊ नयेत. प्रत्येक यंत्राचे वर्णन आणि चित्र असलेला एक ग्रंथ लिहावा. राजाची काळजी बरोबर होती. यंत्र गंजते, पितळ वितळवून लोक हंडे बनवतात, आणि ज्याच्या हातात विद्या आहे तो हात एक दिवस थांबतो. त्या काळचे पुष्कळ कारागीर आपली विद्या मुलाच्या किंवा एखाद्या शागिर्दाच्या कानात सांगून जात. शागिर्द नसला तर विद्याही त्यांच्याबरोबर कबरीत जाई.

अल-जझरींनी हुकूम मानला. ग्रंथात पन्नास यंत्रे आली. दहा घड्याळे, दहा मेजवानीची भांडी, दहा हात धुण्याची आणि रक्त मोजण्याची भांडी, दहा कारंजी आणि बासऱ्या, पाच पाणी चढवणारी यंत्रे आणि शेवटी पाच किरकोळ वस्तू. कुलूप या किरकोळ वस्तूंत आहे. आमिदच्या राजवाड्यासाठी ओतलेले पितळेचे जाळीदार दारही तेथेच आहे. त्या दाराचा त्यांना फार अभिमान होता. प्रत्येक यंत्राचे चित्र आहे आणि चित्रातल्या भागांना अक्षरे दिली आहेत. कोणता भाग आधी करायचा, कशाला काय जोडायचे, कोठे चूक होण्याचा संभव आहे, हे ते पुढे बसलेल्या शागिर्दाला सांगावे तसे सांगतात. त्यांनी आपल्या हातात काही राखून ठेवले नाही.

ग्रंथ पुरा झाला आणि १२०६ सालाच्या सुमारास अल-जझरी अल्लाला प्यारे झाले. त्या वर्षी नक्कल केलेली ग्रंथाची सर्वांत जुनी प्रत इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपून ठेवली आहे. पुढच्या शतकांत आणखी नकला झाल्या. त्यांतली काही रंगीत पाने सुटी होऊन निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत गेली. लोक त्यांच्याकडे सुंदर चित्रे म्हणून पाहू लागले. ही चित्रे म्हणजे यंत्रे बनवण्याच्या सूचना आहेत, हे जवळजवळ विसरलेच गेले.

डोनाल्ड हिल नावाचे एक इंग्रज इंजिनिअर होते. त्यांनी तेलाच्या आणि रसायनांच्या उद्योगात काम केले होते आणि त्यांना अरबी भाषा येत होती. झडप म्हणजे काय हे त्यांना कारखान्यामुळे कळत होते आणि अल-जझरी काय म्हणतात हे अरबीमुळे. त्यांनी पूर्ण ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी लंडनमध्ये इस्लामी संस्कृतीचा मोठा महोत्सव भरला. त्या वेळी तेथील विज्ञान संग्रहालयाने ग्रंथातल्या सूचनांवरून किल्ल्यासारखे ते घड्याळ पुन्हा बांधले. भांडी ठेवली, तरंड सोडले, दोऱ्या बांधल्या आणि पाणी भरले. सातशे सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेल्या मापांनी बांधलेले ते घड्याळ चालू लागले.